मसूर डाळ आणायला जर्मनीत: स्ट्रासबर्ग–केल ट्रॅम

आमच्या घरात मसूर डाळ जर्मनीहून येते. फोनवर हे सांगितलं की पुण्यातल्या मंडळींना वाटतं मी मिजास करते. प्रत्यक्षात खांद्याला कापडी पिशवी, मागे चाकांची ट्रॉली आणि डी लाईनची ट्रॅम, एवढाच तो परदेशप्रवास. आम्ही राहतो फ्रान्समध्ये, स्ट्रासबर्गला. ऱ्हाईन नदी ओलांडली की जर्मनीतलं केल. गावातल्या ऑम द फेर स्टॉपवरून केलच्या रेल्वे स्टेशनपर्यंत पंधरा-वीस मिनिटं लागतात. पुण्यात संध्याकाळी नळ स्टॉपचा चौक ओलांडायलाच एवढा वेळ जातो.

स्ट्रासबर्गने आपली जुनी ट्रॅम १९६० मध्ये मोडीत काढली. मुंबईने चारच वर्षांनी तेच केलं. पण इथल्या लोकांनी १९९४ मध्ये ती परत आणली. महापौर कातरीन त्रोतमान यांनी भुयारी मेट्रोचा बेत बाजूला सारला, ट्रॅम निवडली, भर क्लेबर चौकातून मोटारी हद्दपार केल्या आणि दुकानदारांचा राग ओढवून घेतला. पुढे २०१७ मध्ये डी लाईन नदीपलीकडे केल स्टेशनपर्यंत गेली आणि २०१८ मध्ये तिथल्या राटहाउसपर्यंत, म्हणजे नगरपालिकेपर्यंत. तसं हे अगदीच नवीन नाही. पहिल्या महायुद्धाआधी स्ट्रासबर्ग जर्मनीतच होतं आणि तेव्हाही केलला ट्रॅम जायची.

पलीकडे देश बदलतो म्हणून वेगळं तिकीट लागत नाही, शहरातलं साधं तिकीट चालतं. फक्त ते चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये पंच करायचं, ट्रॅममध्ये मशीन नसतं. तिकीट काढलं म्हणजे झालं, असं समजून निवांत बसलेले पाहुणे तपासनीस आला की दंड भरतात. दुसरं म्हणजे गाडीवरची पाटी वाचा. डी लाईनची प्रत्येक गाडी केलला जात नाही, बऱ्याच नदीच्या अलीकडच्या पोर द्यु ऱ्हँ स्टॉपवरूनच मागे वळतात. मोठमोठ्या काचांच्या जुन्या युरोट्रॅमही पलीकडे जात नाहीत. जर्मनीतले ट्रॅमचे नियम वेगळे, त्यात बसणाऱ्या नव्या गाड्याच पूल ओलांडतात. मला मात्र जुन्याच आवडतात, पण माझं कोण ऐकतो!

पुलाबद्दल सांगायलाच हवं. दोन पांढऱ्या कमानी, त्यावरून ट्रॅम, सायकली आणि पायी जाणारे. मोटारींना मज्जाव. नाव बेआतुस रेनानुस, जवळच्याच सेलेस्ता गावात जन्मलेल्या सोळाव्या शतकातल्या एका पंडिताचं. खाली लांबलचक मालवाहू बोटी संथ चाललेल्या असतात, शेजारच्या युरोप पुलावर मोटारींची रांग लागलेली असते आणि आपण मजेत पुढे निघून जातो. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा पासपोर्ट पर्समध्ये आणि पर्स पदराखाली धरून बसल्या होत्या. "शिक्का कुठे मारतात गं?" मी म्हटलं, "अहो आई, इथे शिक्का नसतो." तोवर केल आलंसुद्धा. शिक्का न मारता परदेशात सोडलं याचा त्यांना जरा रागच आला.

पासपोर्ट सोबत ठेवण्याचं त्यांचं धोरण मात्र बरोबर होतं. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने या सीमेवरही तपासणी सुरू केली आहे. कधी पोलीस दिसतात, कधी नाही, पण आपल्यासारख्यांनी कागद जवळ ठेवलेले बरे. २०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत तर सीमाच बंद झाली होती. तेव्हा कळलं की हा पूल किती लोकांच्या रोजच्या जाण्यायेण्याचा आहे.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो शनिवार दुपारच्या गर्दीसाठी. तंबाखू जर्मनीत स्वस्त, शांपू, डायपर, टूथपेस्टही स्वस्त, त्यामुळे निम्मं स्ट्रासबर्ग केलच्या डीएम या घरगुती वस्तूंच्या दुकानात लोटतं. परतीच्या गाडीत सिगारेटचे खोके, टॉयलेट पेपरचे गठ्ठे आणि बाबागाड्या यांची दाटी होते. बाबागाडी घेऊन गेला असाल तर परत येताना केल स्टेशनवर चढायचा हट्ट धरू नका. राटहाउसपर्यंत चालत जा, गाडी तिथूनच सुटते, जागा मिळते. जर्मनीत घेतलेल्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या न्यायला विसरू नका, बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात.

खरेदी नको असेल तर केल स्टेशनवर उतरून नदीकाठच्या बागेत जा. तिथे ४४ मीटर उंच लाकडी मनोरा आहे. वर चढलं की दोन्ही देश दिसतात. परत येताना ट्रॅम न घेता बागेतल्या पादचारी पुलावरून फ्रान्समध्ये चालत या.

वार आणि तारीख मात्र बघून निघा. रविवारी दोन्हीकडची दुकानं बंद. ८ मे, १४ जुलै, १५ ऑगस्टला फ्रान्सला सुट्टी आणि जर्मनीत दुकानं उघडी, त्या दिवशी केलकडे फिरकूच नका. ३ ऑक्टोबरला उलटा प्रकार. केलची दुकानं बंद आणि जर्मन मंडळी आमच्याकडे. ट्रॅम तेव्हाही भरते, फक्त दुसऱ्या बाजूने.