आयआयएमसी अमरावतीचा मराठी पत्रकारितेचा कोर्स करावा का?

गावाकडची पोरं सारखं विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. आयआयएमसी, म्हणजे भारतीय जनसंचार संस्था, म्हटलं की लोकांना दिल्लीच आठवते, पण अमरावतीलाही तिचं केंद्र आहे आणि तिथे मराठी पत्रकारितेचा एक वर्षाचा पीजी डिप्लोमा आहे. संस्था केंद्र सरकारची, त्यामुळे एससी १५, एसटी साडेसात, ओबीसी २७ टक्के आरक्षण, सरळ हिशोब. आता मीडियात आरक्षण कशाला म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, २००६ ला दिल्लीतले ३७ पेपर आणि चॅनल धरून ३१५ वरच्या पदांचा सर्व्हे झाला होता, त्यात दलित-आदिवासी एकपण नाही. २०१९ ला ऑक्सफॅम ही संस्था आणि न्यूजलॉन्ड्री ही बातम्यांची वेबसाइट यांनी परत मोजलं तर वरच्या १२१ पैकी १०६ सवर्ण, एससी-एसटी पुन्हा भोपळा!

कोर्स चांगलाय. बातमी, एडिटिंग, रेडिओ, टीव्ही सगळं एका वर्षात कोंबलेलं त्यामुळे दमछाक होते, पण विदर्भातल्या पोराला पुण्या-मुंबईचं रूमभाडं न भरता हे मिळतंय ना, मग अजून काय पाहिजे.

खरी गोची इंटर्नशिपला. वर्गापर्यंत आरक्षण पोचवतं, न्यूजरूममध्ये ओळख लागते. आमच्यातला एक मेळघाटचा पोरगा, घरी कोरकू ही आदिवासी भाषा बोलणारा, एका पेपरात लागला (नाव राहू दे). पावसाळ्यात रस्ता तुटणाऱ्या गावांची बातमी त्याने स्वतः फिरून आणली होती, ती डेस्कवर पडून राहिली ती राहिलीच. मग ९ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन, आला तसा साहेबांना तो आठवला, म्हणे तुमच्याकडचा तारपा (फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवतानाचा फोटो दे ना मस्त. अहो तारपा पालघरकडे, वारल्यांचा! मेळघाट कुठे, पालघर कुठे. आणि एवढं करून स्टायपेंड शून्य, जेवण-भाडं घरून. ज्याच्या घरून येत नाही तो दोन महिन्यात गावी परत, आणि मग तालुक्याला बातमीदार म्हणून पेपरच्या जाहिराती गोळा करत फिरतो.

माझ्याकडून साडेतीन स्टार. ॲडमिशन घ्याच, पण फी भरायच्या आधी मागच्या बॅचच्या दोन-चार पोरांना गाठून विचारा, इंटर्नशिप कुठे लागली, पैसे मिळाले का, आणि आता कोण कुठे आहे. त्यातल्या पोरींना आधी विचारा, त्या जास्त स्पष्ट सांगतात.