केळीवरचा हरण्या हेरायला प्लाझ्मॉन की अवरक्त?

रावेर-यावलच्या केळीवर हरण्या, म्हणजे कुकुंबर मोझॅक विषाणू, आला की पानावर पिवळे पट्टे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. विषाणूचं प्रथिन आधीच हेरायला, रंगद्रव्याचं लेबल न लावता चालणारे दोन सेन्सर तपासण्यासारखे आहेत.

प्लाझ्मॉन सेन्सरमध्ये सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर असतो; प्रकाशाने त्यातले इलेक्ट्रॉन एकत्र झुलतात, ते झुलणं म्हणजे प्लाझ्मॉन. थरावरच्या अँटिबॉडीला प्रथिन चिकटलं की तिथला अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो ते माप, बदलतो. जोडणी किती वेगाने झाली, किती वेगाने सुटली, हे तिथल्या तिथे कळतं. पण पानाच्या रसातलं दुसरंच काही चिकटलं तरी तो तसाच संकेत देतो. मला ही उणीव फार मोठी वाटते.

अवरक्त (इन्फ्रारेड) सेन्सर रेणूंची कंपनं टिपतो; प्रत्येक प्रकारचा रेणू ठरावीक पट्ट्यात प्रकाश शोषतो. प्रथिनांचा अमाइड-१ पट्टा १६०० ते १७०० प्रति सेंटिमीटर (एका सेंटिमीटरमधल्या लहरींची संख्या) दरम्यान येतो, शर्करेचे पट्टे त्याच्या बरेच खाली. म्हणजे चिकटलं ते प्रथिन की साखर, हे ओळखता येतं. पट्ट्याच्या आकारावरून प्रथिनाची घडीसुद्धा. अडचण पाण्याची: त्याचं शोषण नेमकं १६४० च्या आसपास, आणि केळीचा रस म्हणजे बहुतांश पाणीच! सोन्याच्या सूक्ष्म अँटेना पृष्ठभागालगतचा संकेत वाढवतात, तेव्हा वाट निघते.

शुद्ध नमुन्यात जोडणीचा वेग मोजायला प्लाझ्मॉन उत्तम. पानाच्या गढूळ रसासाठी मात्र मी अवरक्तावरच मेहनत घेईन.