छपराच्या आराखड्याचे पैसे घेऊन नुसते चित्र देणाऱ्यांपासून सावध राहा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, त्यातही पावसाळी जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, घर बांधणारा माणूस भिंतींच्या आधी छपराचा विचार करतो. आमचे घर काटकोनात जोडलेल्या दोन भागांचे आहे. प्रत्येक भाग २० फूट रुंद, उतार ३० अंशांचा आणि लोखंडी पाइपच्या सांगाड्यावर मंगलोरी कौले. दोन पाखी जिथे आतल्या कोनात मिळतात त्या व्हॅलीत दोन्हीकडचे पाणी एकवटते, म्हणून तिथल्या सांगाड्याचे संगणकीय मॉडेल आणि पाइप कापण्याच्या मापांची यादी यांसाठी आम्ही कोल्हापूरकडच्या एका आराखडाकाराला वेगळे पैसे दिले होते. त्याने नमुना म्हणून दाखवलेले काम उत्तम होते; ते त्याचे नव्हतेच, हे पुढे कळले.

आमच्या हाती आली ती देखणी चित्रे आणि मापांची एक यादी. यादी पाहून सांगाडा जोडणारा फॅब्रिकेटर म्हणाला, "साहेब, सगळे वासे साडेअकरा फुटांचे लिहिलेत. मग व्हॅलीत काय एकमेकांत घुसवायचे?" त्याचा प्रश्न रास्त होता. १० फुटांच्या आडव्या अंतरावर, ३० अंशांच्या उतारात, साधा वासा सुमारे ११.५ फूट भरतो. पण व्हॅलीचा मुख्य वासा नकाशात ४५ अंशांत तिरका जात असल्याने तो सुमारे १५.२५ फूट होतो आणि त्याचा उतार जेमतेम २२ अंश उरतो. आढ्यापासून, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या पाइपापासून, त्याच्यावर येऊन टेकणारे वासे २ फूट अंतरावर असतील, तर प्रत्येक वासा आधीच्यापेक्षा सुमारे २.३ फुटांनी आखूड व्हायला हवा. यादीत यातले काहीही नव्हते.

मूळ फाइल आराखडाकार द्यायला तयार नव्हता. तगादा लावल्यावर पाठवली, तेव्हा भाच्याने कौलांचा थर लपवून आतले दृश्य उघडले. दोन स्वतंत्र छपरे एकमेकांत नुसती सरकवली होती: एकाचे आढे दुसऱ्याच्या पाख्यातून आरपार गेले होते, वासे हवेत एकमेकांना छेदत होते आणि व्हॅलीच्या वाशाचा पत्ताच नव्हता. वरून कौलांचे चित्र चिकटवल्यामुळे बाहेरून सांधा अगदी बेमालूम दिसे. असे काम पाहायचे असेल तर शेवटचा हप्ता देण्यापूर्वी कौले लपवूनच पाहावे.

पैसे परत मागितल्यावर त्याने जे सांगितले ते सीमाभागातल्या प्रत्येकाने ऐकून ठेवावे: "तुम्ही कर्नाटकातले, तक्रार कोल्हापुरात येऊन करावी लागेल." हे साफ खोटे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडेही तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. आम्ही बेळगावलाच तक्रार दिली असून तिला पैसे भरल्याच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, ती फाइल आणि फॅब्रिकेटरचे लेखी म्हणणे जोडले आहे. सांगाडा मात्र मृग लागण्यापूर्वी उभा करायचा असल्याने त्याच फॅब्रिकेटरने दोरी लावून व्हॅलीची मापे जागेवरच घेतली आणि आधीच कापलेले पाइप जिथे बसले तिथे वापरले.