झोपेसाठी मुंबई गाठावी की तालुक्यातली सिस्टर बरी?

गोळीशिवाय निद्रानाश घालवायचा वर्तनोपचार मी दोन्हीकडे घेतला. आधी मुंबईच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे, मग राजापूरला आमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, याचं प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरकडे. उपचार म्हणजे झोपायच्या-उठायच्या वेळा आणि झोपेच्या सवयी बदलायच्या.

मॅडम हुशार, वादच नाही. 'आज झोप लागली नाही तर उद्याचं वाटोळं' हा डोक्यातला भुंगा त्यांनी ज्या सफाईनं काढला, तसं सिस्टरला जमलं नसतं. घोडं अडलं कोकणकन्येत. मला ठरवून दिलेल्या वेळेप्रमाणे रात्री १२ च्या आत आडवं व्हायचं नाही, पहाटे साडेपाचला उठायचंच, एकही दिवस न चुकवता, हा उपचाराचा गाभा. आणि तो पाळला का हे दाखवायला मी दर पंधरवड्याला रात्रभर बर्थवर कुशी बदलत मुंबईला! झोपेच्या नोंदवहीत जाण्यायेण्याच्या दोन रात्रींपुढे मी नुसतं 'गाडी' लिहायचो. तिसऱ्या खेपेला मॅडमनाच हसू आलं. व्हिडिओ कॉल करून बघितला, पण पावसाळ्यात वीज गेली की आमच्याकडे रेंजही जाते.

सिस्टरनं पहिल्याच भेटीत विचारलं, "काका, जेवल्यावर झोपाळ्यावर पडता ना?" मॅडमनी 'दुपारी झोपता का' विचारलं तेव्हा मी छातीठोकपणे नाही म्हटलं होतं. झोपाळा मी झोपेत धरलाच नव्हता! झोप येईना तर अंथरूण सोडून दुसरीकडे बसायचं, हाही नियम. पावसाळ्यात रात्री पडवीत बसायचं तर आधी बॅटरीनं कोपरे बघायचे, हे तिला सांगावं लागलं नाही. चार आठवडे, दोन भेटी, दोन फोन, संपलं.

'नर्सला यातलं काय कळतं' असं आमच्या मेव्हण्यांचं मत. इंग्लंडात ६४२ जणांवर याची चाचणी झाली, २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. नर्सनी झोपेच्या वेळेला बांध घालून दिलेल्यांचा निद्रानाश सहा महिन्यांनी, नुसत्या झोपेच्या सवयींची माहिती मिळालेल्यांपेक्षा कमी होता.

अर्थात फिट येत असतील, बायपोलर (मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार) असेल किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर आधी तज्ज्ञच गाठा. मन फार खचलं असेल तरीही मुंबईच बरी, असं मला वाटतं. माझं दुखणं तेवढं मोठं नव्हतं.

झोपाळ्याच्या कड्या काढून माळ्यावर टाकल्यात. मे महिन्यात नातवंडं आली की लावतो.