फोल्डस्कोप: सहावीच्या वर्गात वर्षभर वापरून बघितला

वर्षभर वापरलाय म्हणून लिहितेय. फोल्डस्कोप म्हणजे घड्या घालून आपणच जोडायचा कागदी मायक्रोस्कोप, स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी बनवलेला, २०१४ मध्ये जगासमोर आला. कागद पाण्याला दाद देत नाही, आत मण्यासारखं बारीकसं भिंग असतं आणि वस्तू १४० पट मोठी दिसते.

आमच्या वर्गात ३६ पोरं आणि फोल्डस्कोप नऊ, म्हणजे चौघांत एक. जोडण्यातच पहिला अख्खा तास गेला, पण जोडलेला स्वतःच्या हातचा असल्यामुळे पोरं त्याला जपतात.

पहिल्यांदा चूक माझीच झाली. कांद्याचा पापुद्रा लावायला दिला आणि त्याआधीच फळ्यावर पेशीची आकृती काढून मोकळी झाले, मग काय, सगळ्यांच्या वहीत माझीच आकृती, भिंगातून काय दिसलं ते कुणीच काढलं नाही. ज्ञानरचनावादाची, म्हणजे पोरांनी स्वतःच्या अनुभवातून ज्ञान घडवायचं या पद्धतीची, इतकी ट्रेनिंग झाली तरी गप्प बसायला जमत नव्हतं.

पुढच्या वेळी एका मुलीने विचारलं, बाई, आपल्या हौदातलं पाणी हिरवं का होतं? उत्तर जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हटलं आणा थेंबभर. दोन्ही अंगठ्यांनी पट्टी हळूहळू सरकवत फोकस जुळवला आणि एकदम ओरडा झाला, "बाई, डब्याला डबे जोडलेत आणि आत स्प्रिंग आहे!" ते शेवाळ होतं, स्पायरोगायरा, पण नाव मी दोन आठवडे सांगितलंच नाही. तेवढ्यात पोरांनी स्वतःच ठरवून दोन बाटल्या भरल्या, एक खिडकीत, एक कपाटात, आणि रोज थेंब बघून वहीत चित्र काढायचं. कपाटातलं शेवाळ फिकट पडत गेलं, खिडकीतलं हिरवंगार. उन्हामुळे होतंय हे त्यांचं त्यांनी काढलं, माझ्याकडून नाही!

आता अडचणी. १४० पटीत जिवाणू नीट दिसत नाहीत, तेव्हा पोरांना आधीच तसं कबूल करू नका. उजेडाकडे धरूनच बघावं लागतं, ढगाळ दिवशी टॉर्च हवा, आणि सूर्याकडे धरायचं नाही हे पहिल्याच दिवशी बजावून सांगा. एका वेळी एकालाच बघता येतं, बाकीचे तिघे ताटकळतात, मोबाईलला चुंबकाने चिकटवला की स्क्रीनवर सगळ्यांना दिसतं. आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत काही होत नाही, थेंब घेऊन फोकस लागेपर्यंत घंटा होते, मी मुख्याध्यापकांना सांगून जोडतास, म्हणजे सलग दोन तासिका, मागून घेतला.

तुमच्या शाळेत जोडतास मिळत असेल तर नक्की घ्या. आमच्या पोरांनी परवा अर्ध्या हौदावर गोणपाट टाकलंय, दर सोमवारी दोन्ही बाजूंचा थेंब बघणार आहेत.