छोट्या ट्रॅक्टरच्या लोडरला काय काय जोडलं: 8 महिने आणि 150 तासांनंतर

ट्रॅक्टर घ्यायच्या आधी इंजिन, गिअर, टायर यांचा मी दोन महिने कीस पाडला होता. लोडरच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या तोंडाशी असलेल्या उचलणाऱ्या हातांच्या पुढे काय काय जोडायचं, हे मात्र विक्रेत्याच्या टेबलावर अर्ध्या तासात उरकलं. आता मीटर 150 तासांवर आलंय, त्यातले शंभरेक तास लोडरवरच गेलेत. ट्रॅक्टरबद्दल माझी काहीच तक्रार नाही. जे काही चुकलं, ते त्या अर्ध्या तासात चुकलं.

मशीन 25 अश्वशक्तीचं, हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबावर चालणारं), फोर व्हील ड्राइव्ह. बरोबर साधी बकेट आली. नंतर पॅलेट फोर्क, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी पॅलेटखाली घालायचे दोन लांब काटे घेतले, बकेटला दातांची पट्टी घेतली आणि चौथ्या महिन्यात ग्रॅपल, म्हणजे पंजा. मधे एक वस्तू चुकून घेतली, तिचं पुढे येईलच.

आधी वजाबाकी. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत होतं, लोडर 500 किलो उचलतो. खालच्या बारीक अक्षरांत होतं की हा आकडा पिनेपाशी मोजलेला आहे. म्हणजे बूमच्या (लोडरच्या हाताच्या) टोकाला जिथे बकेट अडकते, नेमकं तिथेच वजन टांगलं तर 500. माल कधी पिनेवर नसतो, तो तिच्या पुढे असतो. पिनेपासून 500 मिलिमीटर पुढचा आकडा होता 380 किलो. त्यातून अवजाराचं स्वतःचं वजन जातं. माझ्या फोर्कचा सांगाडा आणि दोन काटे मिळून 110 किलो. शिवाय क्विक अटॅचच्या, म्हणजे अवजार झटपट बदलायच्या प्लेटमुळे सगळं चार-सहा इंच आणखी पुढे सरकतं, आणि पॅलेटवरच्या मालाचा मध्य काट्याच्या उभ्या पाठीपासून 600 मिलिमीटरवर धरायचा असतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा पूर्ण उंचीवर हातात उरले जेमतेम 250 किलो. पन्नास किलोची पाच पोती! आणि मी पॅलेटच्या पॅलेट ट्रकमधून उतरवायच्या गप्पा मारत होतो.

कमी उंचीवर लोडर याहून जास्त उचलतो, त्यामुळे जमिनीलगतची कामं अडत नाहीत. पण कुठलंही अवजार बघताना मी आता पहिला प्रश्न त्याच्या वजनाचा विचारतो. मजबुतीच्या नावाखाली जाड पत्र्याचं, मोठ्या मशीनसाठी बनवलेलं अवजार छोट्या ट्रॅक्टरला लावलं की अर्धी ताकद त्या लोखंडालाच उचलण्यात जाते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आणखी एक: पत्रकातला आकडा बकेट धरून दिलाय की बकेट वगळून, हे विचारून घ्या. दोन्ही पद्धती चालतात, आणि त्यामुळे दोन पत्रकांची तुलना फसते.

बकेटकडे येतो. रुंदीला एकच नियम: मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांपेक्षा बकेट अरुंद नको. अरुंद असली की भिंतीला लागून किंवा ढिगाच्या कडेने माल ओढताना चाक आधी अडकतं आणि तुम्ही स्वतःच सारवलेल्या जागेवर टायरचे पट्टे उमटवत जाता. याहून मोठी घ्यायचा मोह मात्र आवरा. माझ्या बकेटमध्ये शीग लावून पाव घनमीटर माल बसतो. वाळलेलं कंपोस्ट असेल तर तो भार सव्वाशे-दीडशे किलो, कौतुकाने उचलतो. तीच बकेट ओल्या वाळूने भरली की जवळपास पाचशे किलो होतात, आणि लोडर नुसता कण्हतो. त्यामुळे वाळू-खडीला मी दोन तृतीयांशच भरतो. कण्हतो तेव्हा इंजिनचा वेग वाढवून उपयोग नसतो, हेही कळायला वेळ लागला. वेग वाढवला की पंपातून तेल जास्त येतं, हात भराभर हलतात. उचलायची ताकद दाबावर ठरते आणि तो दाब रिलीफ व्हॉल्व्हने (ठरलेल्या दाबाच्या वर तेल सोडून देणाऱ्या झडपेने) बांधलेला असतो.

दातांची पट्टी म्हणजे बकेटच्या ओठावर बोल्टने बसणारी आडवी पट्टी, पुढे दात असलेली. हिच्यावर माझा विश्वास नव्हता. बसलेल्या, घट्ट मातीत साधी बकेट घालायला गेलं की पुढची चाकं उचलली जायची आणि बकेट वरवर खरवडत राहायची. पट्टी लावल्यावर तोच ढीग लोण्यासारखा कापला, असं म्हणणार नाही, पण बकेट आत शिरायला लागली आणि भरूनच बाहेर यायला लागली. दोन बोल्ट काढले की पट्टी सुटते, सपाटीकरणाला पुन्हा साधी कड मिळते. बकेटला कायमचे दात वेल्डिंग करून घेण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता ज्याच्यासाठी हा एवढा लेख लिहायला घेतला ते. लोडरला पुढे जोडायची पहिली वस्तू मागे जोडायची असते. मागचं वजन!

दुसऱ्याच आठवड्यात ओली माती भरलेली बकेट घेऊन उतारावरून येत होतो. बकेट खाली होती, वेग कमी होता, सगळं पुस्तकाबरहुकूम. फक्त फोर व्हील काढलेलं होतं, आणि मागे काहीच नव्हतं. ब्रेक दाबला तर ट्रॅक्टर थांबेना, सरळ घसरत खाली. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक मागच्याच चाकांना असतात. पुढे भार आला की पुढचा आस तराजूच्या मधल्या काट्यासारखा होतो, मागची चाकं हलकी पडतात, आणि हलक्या चाकाला लावलेला ब्रेक म्हणजे असून नसल्यासारखा. फोर व्हील घातलेलं असतं तर पुढची चाकंही त्याच ब्रेकला जोडली गेली असती. मी बकेट जमिनीला टेकवली, तिने नांगरासारखं धरलं आणि थांबलो. पाय बराच वेळ थरथरत होते. आता भार घेऊन उताराला लागायच्या आधी फोर व्हील, आणि सीट बेल्ट बसल्याबसल्या. उलटलं तर वरची संरक्षक चौकट तुम्हाला वाचवते, पण तुम्ही तिच्या आतच असलात तर.

मागच्या वजनाचे दोन मार्ग आहेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत. टायरमध्ये पाणी भरलं की (व्हॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण 75 टक्के) मागची चाकं जड होतात, पकड वाढते, गुरुत्वमध्य खाली येतो. पण हा भार मागच्या आसावरच असतो, तो पुढच्या आसावरचं ओझं कमी करत नाही. थ्री पॉइंटला (ट्रॅक्टरच्या मागच्या, अवजार जोडायच्या तीन दांड्यांना) टांगलेलं वजन मागच्या आसाच्याही मागे असतं, त्यामुळे ते पुढचा आस खरोखर हलका करतं. स्टिअरिंग हलकं झालं की फरक हातालाच कळतो. मी दोन्ही केलं. मागे काँक्रीट भरलेली पेटी आहे, 300 किलोची. रोटाव्हेटर किंवा दुसरं जड अवजार मागे असेल तर तेही चालतं, फक्त अरुंद जागेत वळताना त्याची लांबी नडते. पेटी आखूड, शेपटी नसल्यासारखी. पाणी गोठणाऱ्या हवेत साधं पाणी भरू नका आणि कॅल्शियम क्लोराइडचं द्रावण भराल तर रिम गंजतो, एवढं ध्यानात असू द्या.

फोर्क. बकेट सोडून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही, डोळे मिटून. उचलायची मर्यादा 250 किलो असूनही हे म्हणतोय. लाकडाचे ओंडके, पाइप, पत्रे, तारेची भेंडोळी, पाण्याची रिकामी टाकी, मोटार, कापलेल्या फांद्यांचे भारे: जे जे हाताने उचलताना कंबर धरायची, ते सगळं एका लाकडी पॅलेटवर ठेवतो आणि पॅलेटच फिरवतो. आमच्याकडे आता कुठलीही जड वस्तू जमिनीवर ठेवलेली दिसणार नाही, सगळं पॅलेटवर असतं. काटे 42 इंची घेतले. 48 इंची मिळत होते, पण लांब काटा म्हणजे माल पुढे सरकायला मोकळं रान. काट्याची टोकं सीटवरून दिसतात का, हे बसून बघा. माझी दिसत नाहीत, म्हणून टोकांना पिवळा रंग दिला आणि बूमवर एक खूण केली, ती जुळली की काटे जमिनीला समांतर. लोडर वर जाताना काटे आपोआप मागे कलत जातात, सेल्फ लेव्हलिंग नसेल तर जॉयस्टिकने सावरत राहावं लागतं. गोल वस्तू उंच उचलताना हे विसरलात तर ती बूमवरून घरंगळत थेट ड्रायव्हरच्या अंगावर येते. गवताचा गोल गठ्ठा किंवा ओंडका असला की मी गुडघ्याच्या वर नेत नाही, मग कुणी कितीही हसो.

ती चुकून घेतलेली वस्तू म्हणजे बकेटच्या ओठाला स्क्रूने आवळून बसवायचे काटे. स्वस्त, हलके, दोन मिनिटांत लागतात. खऱ्या फोर्कच्या आधी घेतले होते. एका बाजूच्या काट्यावर ओंडका जरा जास्त आला आणि बकेटचा ओठ तिथे खाली वाकला. काटा लांब तरफेचं काम करतो आणि सगळा जोर एवढ्याशा पत्र्यावर येतो, हे आधी सुचायला हवं होतं. ओठ ठोकून सरळ केला, तरी सपाटी करताना तेवढ्या जागी बोटभर फट अजून राहते. काटे कोपऱ्यात पडून आहेत.

पंजाबद्दल माझं मन दोन बाजूंना ओढतं. काटेरी झुडपं, मुळासकट उपटलेली खोडं, फांद्यांचे ढीग यांना तोड नाही. हात न लावता उचलायचं, दाबून धरायचं, न्यायचं, सोडायचं. बकेटने फांद्या ढकलून बघितलेल्या माणसालाच त्याची किंमत कळते. पण यासाठी लोडरला उचलायच्या आणि बकेट वळवायच्या लाइनशिवाय तिसरी हायड्रॉलिक लाइन लागते. ट्रॅक्टर घेतानाच ती बसवून घेतली असती तर एकदाच काम झालं असतं, मी नंतर बसवली, दोन दिवस मशीन उघडं पडून होतं. डायव्हर्टरचा सोपा मार्ग आहे, बटण दाबलं की बकेट वळवणारं तेल पंज्याकडे जातं. त्यात वळवणं आणि आवळणं एका वेळी होत नाही. रोज वापर नसेल तर तेवढं पुरतं. पंजा एका झाकणाचा, हलका घेतला. दोन स्वतंत्र झाकणांचा जास्त छान पकडतो, पण वजन बघितलं आणि माघारी फिरलो.

पंज्याचे पाइप जोडणं हा वेगळा वैताग. उन्हात ठेवलेल्या पंज्याच्या पाइपात तेल तापून दाब अडकतो आणि कपलर (पाइपाचा जोड) बसता बसत नाही. पहिल्यांदा मी हातोडी घेतली होती, खोटं कशाला बोलू. अवजार काढतानाच ते जमिनीवर टेकवायचं, इंजिन बंद करायचं आणि लिव्हर चारही बाजूंना हलवून दाब सोडायचा. मग पाइप सुटतात, आणि सावलीत ठेवलं तर पुढच्या वेळी बसतातही. गळती शोधायला बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाखाली सुटलेलं तेल कातडीत घुसतं. जखम किरकोळ दिसते, पण थेट दवाखाना गाठावा लागतो.

क्विक अटॅच कुठल्या पद्धतीचं आहे, हे ट्रॅक्टर घेतानाच ठरवा. मी स्किड स्टिअरची (छोट्या, जागच्या जागी वळणाऱ्या लोडर यंत्राची) सपाट प्लेट घेतली, त्या मापाची अवजारं कुठलाही बनवणारा बनवतो. हुक-पिनचंही काम उत्तम चालतं, पण अवजारं शोधताना निवड कमी होते. प्लेट तीच असली म्हणून स्किड स्टिअरचं प्रत्येक अवजार चालेल, असं मात्र नाही. माझा पंप मिनिटाला 20 लिटरच्या आसपास तेल देतो. हायड्रॉलिक झुडूपकटर किंवा चर खणणारं यंत्र 50-60 लिटर मागतं. जोडलं जाईल, फिरणार नाही. खड्डे पाडायचं ऑगर मी म्हणूनच मागे पीटीओवर, म्हणजे इंजिनच्या ताकदीने फिरणाऱ्या मागच्या दांड्यावर ठेवलं. जमीन सपाट करायलाही मागचं पातं बकेटपेक्षा सरस.

अवजार बदलल्यावर दोन्ही खालच्या पिना प्लेटच्या भोकातून पार गेल्यात का, ते उतरून बघा. नुसता लिव्हर खाली आला यावर जाऊ नका, भोकात चिखल असेल तर पिन अर्ध्यावर अडते आणि सीटवरून सगळं ठीक दिसतं. मी टोक जमिनीवर दाबून बघतो, प्लेट सुटली नाही की मग निघतो.

बकेट पूर्ण पालथी करून मागे ओढत माती पसरवायची सवय असेल तर ती मोडा. त्या वेळी वळवणाऱ्या सिलिंडरचे दांडे पूर्ण बाहेर असतात, खाली दगड लागला की वाकतात. लोडर फ्लोटवर (जमिनीच्या चढउताराप्रमाणे मोकळा वर-खाली होईल असा) ठेवायचा, बकेट थोडीच कलती ठेवायची. एका कोपऱ्याने दगड उपटायचा प्रयत्नही मी सोडलाय, त्याने दोन्ही बूमना पीळ बसतो.

देखभालीत नवल काही नाही. दर 10 तासांनी सगळ्या पिनांना ग्रीस, आणि सुरुवातीच्या काही तासांनंतर लोडरच्या चौकटीचे बोल्ट आवळणं. माझे चार ढिले निघाले. ग्रीसच्या दोन निपल बूमच्या आतल्या बाजूला आहेत, बकेट ठराविक उंचीवर आणल्याशिवाय पिचकारी पोहोचत नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि पहिले 30 तास त्या दोन पिना कोरड्याच फिरल्या. अजून खेळ आलेला नाही, पण सकाळी पहिल्यांदा उचलताना डाव्या बाजूने बारीक कुरकुर ऐकू येते. बकेटची बोल्टवाली तळपट्टी पुढच्या कडेला बरीच झिजलीय. दोन्ही बाजूंनी वापरता येते, तेव्हा या आठवड्यात ती उलटी करून बसवायची आणि त्याच वेळी डावी पिन काढून बघायची, असं ठरवलंय.