हेअर पॅच: कोकणच्या घामात आणि पावसात कसा टिकतो

हेअर पॅचची, म्हणजे टक्कल झाकायला डोक्यावर बसवायच्या केसांच्या तुकड्याची, चौकशी बहुतेक घरांत स्थळं बघायला लागली की सुरू होते. बायोडाटावरचा फोटो चार वर्षांपूर्वीचा आणि कपाळ मात्र आजचं, म्हणून चिपळूण, रत्नागिरी किंवा कुडाळचं एखादं सलून गाठलं जातं. तिथे दाखवतात ते फोटो एसी खोलीत पॅच बसवल्याबरोबर काढलेले असतात. त्यावरून इथला अंदाज बांधू नये. मे महिन्यात इथे सावलीत बसूनही मानेवरून घाम ओघळतो आणि रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या हवेत पॅच टिकतो, पण बेस आणि चिकटवण्याची पद्धत नीट निवडली तरच.

पॅच म्हणजे पातळ बेसवर बसवलेले केस. पॉलियुरेथेनचा बेस, ज्याला दुकानात 'स्किन' म्हणतात, पुसायला सोपा आणि टेप त्यावर घट्ट धरते. पण त्यातून हवा जात नाही. घाम खालीच साचतो, टेप कडेने पांढरी पडून सुटते आणि डोक्याला वास येऊ लागतो. मोनो म्हणजे जाडसर जाळी. ती मजबूत, नीट वापरली तर वर्षभर जाते, पण कपाळाकडची कड उन्हात लपत नाही. लेस सगळ्यांत नाजूक, तीन ते सहा महिन्यांची धनी, पण घाम आरपार जाऊ देते आणि कपाळावर जवळजवळ दिसत नाही. कोकणासाठी आमची पसंती मिश्र बेसला: पुढे लेस, मध्ये मोनो, आणि बाजूने-मागे टेपपुरती पॉलियुरेथेनची पट्टी. पूर्ण स्किनचा बेस इथे घेऊच नये.

दाटीबद्दल दुकानदाराचं ऐकू नका. १३० टक्के दाटीचा पॅच पुढे केला जातो, कारण हातात घेतल्यावर तो पैसे वसूल झाल्यासारखा वाटतो. पस्तिशीनंतर पुढचे केस इतके दाट फार थोड्यांचे असतात आणि समोरच्याची नजर तिथेच अडकते. ८० ते १०० टक्के पुरे. पुढची रेघ भुवयांच्या मध्यापासून चार बोटं वर हवी आणि दोन्ही कोपरे थोडे आत गेलेले. कानशिलं करडी असतील तर पॅचमध्येही १०-२० टक्के पांढरे केस मागून घ्या.

आता बसवण्याबद्दल, कारण बिघडतं ते इथेच. क्लिपचा पॅच स्वस्त आणि घरी काढता येणारा, पण क्लिपा रोज त्याच केसांना ओढतात आणि हळूहळू कडेचे चांगले केसही जाऊ शकतात. पाण्यात विरघळवलेला गोंद कोरड्या हवेत उत्तम. तो पातळ थरांत लावून प्रत्येक थर पांढऱ्याचा पारदर्शक होईपर्यंत थांबायचं असतं. जुलैच्या दमट हवेत तो वाळायलाच तयार नसतो. घाईने वर पॅच दाबला की खाली ओला थर राहतो आणि दुसऱ्या दिवशी पॅच सरकतो. म्हणून जून ते सप्टेंबर दुहेरी, म्हणजे दोन्ही बाजूंनी चिकटणारी, टेपच वापरावी.

आधी टेपचा तुकडा दंडाच्या आतल्या बाजूला २४ तास लावून बघा. खाज किंवा लाली आली तर तो प्रकार बाद. बसवायच्या दिवशी डोक्याला तेल अजिबात नको. आंघोळीनंतर लगेच बसू नका, पंख्याखाली घाम पूर्ण निवू द्या. टाळूचा तेवढा भाग तुळतुळीत करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वर स्काल्प प्रोटेक्टरचा (टेपपासून त्वचा जपणाऱ्या द्रवाचा) पातळ थर द्या आणि तो वाळू द्या. टेप सलग वर्तुळात न लावता तुकड्यांत लावा, मध्ये थोडी फट सोडा. घामाला वाट मिळते. पॅच पुढून मागे बसवा आणि कड मिनिटभर दाबून धरा. पहिले २४ तास पाणी आणि घामाचं काम टाळा.

खोबरेल हा पॅचचा पहिला शत्रू. कडेच्या स्वतःच्या केसांना लावलेलं तेलही टाळूवरून टेपखाली झिरपतं. तेल हवंच असेल तर पॅच काढायच्या आदल्या रात्री लावा. काढताना ओढू नये: रिमूव्हर (टेपचा चिकटपणा सोडवणारा द्रव) कडेला फवारून पाच मिनिटं थांबा, मग मागून पुढे सावकाश सोडवा. उन्हाळ्यात हे दर दहा-बारा दिवसांनी व्हायला हवं. सलूनवाला 'महिनाभर बघायला नको' म्हणाला तर ती सल्ला नव्हे, विक्री आहे. पॅच सौम्य शाम्पूने धुऊन रात्रभर पंख्याखाली वाळवा; पावसाळ्यात दमट बेस पुन्हा बसवला की वास येतो आणि टाळूला खाज सुटते. कोंडा वाढला तर २ टक्के किटोकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाचा शाम्पू तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवावा. गोल, कडेला लाल चट्टा दिसला तर ते गजकर्ण असू शकतं. मेडिकलमधून स्टेरॉइडचं मिश्र मलम आणून चोळू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

मालवण-तारकर्लीला पाण्यात उतरणार असाल तर डायव्हिंग मास्कचा पट्टा पॅचच्या मागच्या कडेवर येतो आणि ती उचलतो. त्या दिवशी पॅच घरीच ठेवा. खारं पाणी लागलंच तर लगेच गोड्या पाण्याने धुवा. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी घाला, नाहीतर पुढची लेस महिन्यात झिजते.

पण पॅच हवाच का, हा प्रश्न लोकांच्या नजरेशी जोडलेला आहे. अमेरिकेत व्हार्टन या व्यवस्थापन शिकवणाऱ्या संस्थेतल्या अल्बर्ट मॅनेस यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याच पुरुषांचे केसांसह आणि केस पुसून टाकलेले फोटो लोकांना दाखवले. बिनकेसांचा माणूस अधिक खंबीर, सुमारे इंचभर उंच आणि १३ टक्के जास्त ताकदवान वाटला. मात्र वयाने मोठा आणि दिसायला थोडा कमीही. सगळ्यांत दुबळे वाटले ते विरळ केसांचे. म्हणजे कानावरून केस ओढून टक्कल झाकणं सगळ्यांत महागात पडतं, आणि कड उचललेला पॅचही त्याच रांगेत बसतो.

मग सगळं उतरवून टाकावं, तर आपल्या गावांत अचानक चकोट केलेलं डोकं दिसलं की पहिला प्रश्न 'कोण गेलं?' हाच. त्यावर सोपा उपाय आहे. वस्तरा न फिरवता मशीनने एक नंबर ठेवा, मिशी किंवा आखूड दाढी राखा. मिशी शाबूत असली की सुतकाचा संशय येत नाही. दर आठवड्याला मशीन फिरवलं की काम झालं. लोक आठ-पंधरा दिवसांत सरावतात. होडीवर, बागेत, भट्टीपाशी काम करणाऱ्यांना आम्ही हेच सुचवू. उलट पॅच वापरणाऱ्याच्या घरात मृत्यू झाला आणि क्षौर करावं लागलं, तर तो सगळ्यांदेखत उतरवावा लागतो. घरच्यांना आधीपासून माहीत असलेलं बरं. मुलीकडच्यांनाही साखरपुड्याआधी सांगा. पॅच लपवून ठरलेलं लग्न पहिल्याच आठवड्यात अविश्वासाने सुरू होतं, आणि तो केसांमुळे नसतो.

केस गळायला नुकते लागले असतील तर पॅचआधी डॉक्टर. ५ टक्के मिनॉक्सिडिल या टाळूला लावायच्या औषधाचा परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात, सुरुवातीला गळती थोडी वाढते आणि बंद केलं की फायदा जातो. तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केस बहुतेक परत येतात, आणि चाई असेल तर पॅच नव्हे, उपचार हवेत.

खर्च पॅचच्या किमतीवर मोजू नका. टेप, रिमूव्हर, दर सर्व्हिसचे पैसे आणि वर्षात बदलावे लागणारे पॅच, सगळं मिळून वर्षाचा आकडा लिहून मागा. बेसचा प्रकार आणि दाटी बिलावर लिहून घ्या. बसवून झाल्यावर सलूनच्या ट्यूबलाइटखाली आरशात बघून पैसे देऊ नका. बाहेर उन्हात जा, केस मागे सारा, सोबतच्या माणसाला हातभर अंतरावरून पुढची कड बघायला सांगा. तिथे रेघ दिसली तर पॅच परत करा.